मोजणी कोणासाठी?



आगमनकाळातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा संपली होती, लोक घराकडे निघाले होते. आपल्या धर्मग्रामातील एक तरुण चर्चच्या पायरीपाशी माझी वाट पाहत उभा होता. शाळेत माझा विद्यार्थी होता, म्हणून अजून 'सर' म्हणतो.

"सर, एक विचारायचं होतं. खरं माहीत असताना 'माहीत नाही' म्हटलं, तर ते पाप होतं का?"

"कशाबद्दल म्हणालास?"

"बदकांबद्दल."

मला हसू आले, पण त्याचा चेहरा पाहून ते आवरले.

हा मुलगा काही वर्षांपासून पक्षीमित्रांबरोबर हतनूर धरणावर जातो. जानेवारीत तेथे पाणपक्ष्यांची मोजणी होते. तिच्या तयारीसाठी तो नोव्हेंबरपासूनच सुटीच्या दिवशी फेऱ्या मारतो. पाणी किती आहे, गाळ कोठे उघडा पडला आहे, कोणत्या बाजूला कोणती बदके उतरतात, हे सारे वहीत लिहून ठेवतो. आदल्या संध्याकाळी त्याला एक फोन आला होता. ज्यांच्या केळीच्या बागेत त्याच्या वडिलांना वर्षभर काम मिळते, त्या गृहस्थांचा. "यंदा बदकं कोणत्या अंगाला जास्त आहेत रे? पहाटे असतात की संध्याकाळी? पाहुणे यायचे आहेत. तुमचा तर सणच आहे, तुम्ही लोक तर खाताच. तुलाही दोन-चार देऊ."

मुलगा म्हणाला, "यंदा आलीच नाहीत अजून. मला माहीत नाही." वही त्याच्या खिशातच होती.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. खोटे बोललो म्हणून एक टोचणी, आणि खरे सांगितले असते तर काय झाले असते ही दुसरी. 'तुम्ही लोक तर खाताच' हे वाक्यही त्याला लागले होते. आपल्यापैकी अनेकांनी ते कधी ना कधी ऐकले आहे.

पायरीवर उभ्या उभ्या मी त्याला जे उत्तर दिले, ते अपुरे होते. नंतर पुष्कळ विचार केला. तो आपल्या सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून लिहितो.

प्रथम त्याच्या वहीत काय होते ते पाहू. हतनूर धरण आपल्यापासून दूर नाही. तापीवरचे हे धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. त्याचे ४१ दरवाजे पावसाळ्यात उघडले की आपल्याकडे ती बातमी होते. जलाशयाचा फुगवटा चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे पसरलेला आहे. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ येथे साचतो. हिवाळ्यात पाणी उतरू लागले की उथळ काठ उघडे पडतात, पाणवनस्पती वाढतात, आणि दूरदूरच्या पाखरांना ताट वाढलेले मिळते. शेंड्याकडे टोकदार शेपटी असलेले तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, केशरी रंगाचा चक्रवाक, असे पाहुणे उत्तरेकडून येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तर तिबेट आणि मंगोलियातील उंच सरोवरांवरून निघतो आणि हिमालय ओलांडून भारतात उतरतो. हळदी-कुंकू बदक मात्र आपल्याच देशातले. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका, म्हणून हे नाव. पक्षी अभ्यासकांनी हतनूरला महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत स्थान दिले आहे.

मोजणीचे काम वाटते तितके सोपे नाही. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहायचे. आधी दहा पक्षी मोजून त्यांचा थवा डोळ्यांत बसवायचा, मग तसे किती थवे आहेत ते मोजायचे. दोघांनी वेगवेगळे मोजायचे आणि मग आकडे जुळवून पाहायचे. एखादा शिकारी पक्षी आला आणि सगळे उडाले, तर पुन्हा पहिल्यापासून. आकड्याचा अर्थ लावणे त्याहून अवघड. उशिरापर्यंत चांगला पाऊस झाला की गावोगावचे तलाव भरलेले असतात, बदके सगळीकडे विखुरतात आणि धरणावर कमी दिसतात. दुष्काळात लहान पाणवठे आटतात, तेव्हा तीच बदके धरणावर गर्दी करतात. म्हणजे मोठा आकडा नेहमीच सुबत्तेचा नसतो, कधी तो आसरा उरला नसल्याचाही असतो. हे कळण्यासाठी मोजणीआधीच्या फेऱ्या लागतात, आणि एकच नव्हे तर अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. आशियातील अनेक देशांत १९८७ पासून दर जानेवारीत ही पाणपक्षी गणना होते. हतनूरची वही ही त्या मोठ्या वहीचे एक पान आहे.

आता गंमत अशी, की शिकाऱ्याला हवी असते तीही हीच माहिती. पाणी किती, चारा कोठे, पक्षी किती आणि कोणत्या वेळी. संस्थानिक आणि गोरे साहेब तळ्यावर शिकारीला निघत, तेव्हा आधी 'खबर' आणायला माणसे पाठवीत. राजस्थानातील भरतपूरला पक्ष्यांच्या शिकारीचे आकडे दगडावर कोरून ठेवले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तेथेही कोणीतरी काळजीपूर्वक मोजले होते. मोजणी तीच, वहीही तशीच, पण वही कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी, यावर सारे अवलंबून.

आपल्या सावद्याच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. कटाईआधी व्यापारी बागेत येतो आणि घडांवरून नजर फिरवतो. शेतकरीही रोज सकाळी त्याच बागेतून फिरतो, त्याच घडांकडे पाहतो. व्यापाऱ्याची नजर माल किती निघेल हे पाहते. शेतकऱ्याच्या नजरेला कोणते खोड वाऱ्याने कलले आणि कोणाला टेकू द्यायला हवा हे आधी दिसते.

पण म्हणून शिकारी तेवढा वाईट आणि आपण चांगले, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. अमेरिकेत बदकांची शिकार कायदेशीर आहे. तेथे आणि कॅनडात १९५५ पासून दर मे महिन्यात विमानातून पाहणी करून बदके मोजली जातात. शिकारीचा हंगाम किती दिवसांचा असावा आणि एका माणसाने दिवसाला किती बदके मारावीत, हे ठरवताना त्या आकड्यांचा आधार घेतला जातो. शिकाऱ्याला १९३४ पासून एक तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. म्हणजे तेथे मोजणी हे हाताला घातलेले बंधनही असते. पवित्र शास्त्राला ही कल्पना जुनीच आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी एक नियम आहे. पिले घेतलीस तरी आईला जाऊ दे, असा त्याचा आशय. घेण्याची मुभा आहे, पण सगळे घेण्याची नाही. १९९२ चा कॅथलिक ख्रिस्तसभेचा कॅटेकिझमही हेच सांगतो. अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य आहे (परिच्छेद २४१७), पण गरज नसताना त्यांना यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही (परिच्छेद २४१८).

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला. सुरुवातीला काही शिकारीसाठी परवान्याची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने संपली. त्यामुळे हतनूरच्या बदकांवर बंदूक रोखणे किंवा जाळे टाकणे हा गुन्हा आहे, नाताळसाठी असो वा आणखी कोणत्या सणासाठी. पण कायदा झाला म्हणून आपली जबाबदारी संपली का? आपण मारत नाही हे खरे, पण आपण मोजतही नाही. तळे बुजते, काठावर नांगर फिरतो, शेतातले औषध ओढ्यातून पाण्यात उतरते, आणि किती गेले हे कोणालाच कळत नाही. छोटी लालसरी हे बदक एके काळी इतके होते की त्याची काळजी करावी असे कोणाला वाटले नसेल. जगभरातील संख्या घटल्यामुळे २०१५ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्तांत करावी लागली. गुलाबी डोक्याचे एक बदक पूर्वी बिहार-बंगालच्या बाजूला होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याची खात्रीची नोंदच नाही. शेवटचे कधी गेले, कोणी पाहिले नाही.

मोजणे चांगले की वाईट, या प्रश्नाने मला दावीद राजाची आठवण झाली. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय जरूर वाचा. दावीद आपल्या सेनापतीला, यवाबाला, सर्व लोकांची शिरगणती करायला सांगतो. यवाब रांगडा लढवय्या, पण त्यालाही हे बरे वाटत नाही. तरी राजाज्ञा म्हणून तो जातो. नऊ महिने वीस दिवस देशभर फिरून आकडा आणतो. आकडा कशाचा? तलवार चालवू शकणाऱ्या पुरुषांचा. म्हाताऱ्यांचा नाही, विधवांचा नाही, लेकरांचा नाही. राजाला आपले बळ किती हे पाहायचे होते. आकडा हाती आला आणि त्याच क्षणी त्याचे मन त्याला खाऊ लागले.

पुढे देशावर मरी येते. माणसे मरताना पाहून दावीद परमेश्वरापुढे रडतो आणि विनवतो की पाप मी केले, या मेंढरांनी काय केले? येथे मी दर वेळी थांबतो. मोजताना ती माणसे त्याला तलवारी वाटत होती, गमावू लागल्यावर मेंढरे वाटू लागली. दावीद लहानपणी मेंढपाळ होता. मेंढरे मोजायची कशी हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? राजा झाल्यावर तो ते विसरला होता. संकटाने त्याला पुन्हा मेंढपाळ केले.

प्रभू येशूच्या शिकवणीत मोजणी आहे ती या दुसऱ्या जातीची. शंभरांतून एक हरवले हे ज्याला कळते, त्याने रोज संध्याकाळी मोजलेले असले पाहिजे. ज्याने मोजलेच नाही, त्याचे काही हरवतही नाही! आणि चिमण्यांचे पाहा. मत्तयच्या शुभवर्तमानात दोन चिमण्यांचा भाव एक नाणे, लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्यांचा भाव दोन नाणी. हिशोब केला तर चार चिमण्यांवर पाचवी फुकट. बाजाराने जिची किंमत शून्य केली, तिलाही देव विसरत नाही, असे प्रभू सांगतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात चिमण्यांच्या याच वचनाची आठवण दिली आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. त्याने खोटे सांगून पाखरे वाचवली, मग बिघडले कोठे, असे काहींना वाटेल. मलाही क्षणभर तसेच वाटले होते. पण पक्ष्यांच्या नोंदीत खोटे शिरले की काय होते, याचा एक दाखला आपल्या खान्देशातच आहे.

रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खान्देशात त्याचे नमुने गोळा केले. पुढे रिचर्ड माइनर्त्सहागेन नावाच्या प्रसिद्ध कर्नलाने डेव्हिडसनचा एक नमुना चोरला आणि १९१४ मध्ये आपल्याला तो गुजरातेत मिळाला, अशी चिठ्ठी त्याला लावली. मोठ्या माणसाची चिठ्ठी, ती अनेक दशके खरी धरली गेली. रानपिंगळा कोणाला दिसेना, तो नामशेष झाला असे मानले जाऊ लागले. अखेर पामेला रासमुसेन या संशोधिकेने ती लबाडी ओळखली, त्या चिठ्ठीवर विसंबायचे नाही असे ठरवले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळ त्याला शोधून काढले. पाखरू येथेच होते. ते हरवले नव्हते, त्याची नोंद खोटी झाली होती.

म्हणून वहीत खोटे नको. मालकांच्या भीतीने 'आलीच नाहीत' म्हणणाऱ्या मुलाने उद्या तोच आकडा वहीतही लिहिला, तर पाखरांचा एकुलता एक साक्षीदारही गेला. पण मग काय, विचारणाऱ्याला सारे सांगून टाकायचे? नाही. कॅटेकिझमचा २४८९ वा परिच्छेद येथे मदतीला येतो. ज्याला सत्य जाणून घेण्याचा अधिकार नाही, त्याला ते उघड करण्यास कोणी बांधलेला नाही, असा त्याचा भावार्थ. धर्मगुरू प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले बाहेर सांगत नाहीत आणि डॉक्टर रोग्याचे गुपित फोडत नाही. ते खोटे बोलतात असे आपण म्हणत नाही. आपल्या हवाली केलेले ते राखतात. त्या वहीतील बदकेही त्या मुलाच्या हवाली होती. ती मोजली, त्याच दिवशी झाली.

तेव्हा त्याच्यापुढे दोन नव्हे, तीन वाटा होत्या. ठिकाण सांगणे, खोटे बोलणे, आणि "काका, माहीत आहे, पण सांगणार नाही" असे म्हणणे. तिसरी वाट सर्वांत अवघड. खोट्यात आपण सुरक्षित राहतो. समोरच्याला राग येत नाही, वडिलांचे काम जात नाही, आणि त्या गृहस्थाला आपण करतो आहोत ते चूक आहे हे कळतही नाही. खोटे बोलून त्याने पाखरे वाचवली, पण त्या माणसाला सत्य ऐकण्याची संधी मात्र दिली नाही. हे मी त्याला दुसऱ्या रविवारी सांगितले. सांगताना मलाच लाज वाटत होती, कारण नोकरी माझ्या वडिलांची पणाला लागली नव्हती.

मुलगा गेला. त्या गृहस्थांच्या ओट्यावर उभा राहून त्याने सांगितले की त्या दिवशी खोटे बोललो, बदके आली आहेत, पण कोठे आहेत ते सांगणार नाही. काय झाले असे मी विचारले तेव्हा म्हणाला, "काही बोलले नाहीत सर. आत निघून गेले." वडिलांचे काम अजून चालू आहे. पण पूर्वी सणाला त्या घरून फराळाचा डबा यायचा, तो त्या नाताळला आला नाही. त्याच्या आईला त्याचे वाईट वाटले. ही गोष्ट गोड शेवटाची नाही आणि मी ती तशी करणारही नाही.

जानेवारीच्या मोजणीला त्याच्याबरोबर मीही गेलो. पहाटे काठावर धुके होते, काही दिसेना, नुसता पंखांचा आणि पाण्याचा आवाज. ऊन वर आल्यावर तो मोजू लागला आणि मी त्याच्या सांगण्याप्रमाणे लिहू लागलो. जाळे आवरून होडी काठाला लावणारा एक मासेमार आमच्याकडे बघत थांबला. "इतकं मोजून काय करनार भाऊ?" त्याने विचारले. मुलगा दुर्बिणीवरून नजर न काढता म्हणाला, "काही नाही दादा. पुढच्या वर्षी कमी झाली तर कळायला पाहिजे."

मी एवढे पानभर लिहिले, ते त्याने एका वाक्यात सांगितले होते.

बंधूभगिनींनो, मोजणी आपल्या चर्चमध्येही होते. नाताळच्या मिस्सेला किती माणसे आली, किती कुटुंबे धर्मग्रामाच्या वहीत आहेत, सणाला किती वर्गणी जमली. आकडा वाढला की आपण सुखावतो. ती दावीदाची मोजणी. मेंढपाळाची मोजणी वेगळी असते, ती रिकाम्या जागेकडे पाहते. मागच्या बाकावर भिंतीकडेला बसणाऱ्या आजी किती रविवार दिसल्या नाहीत? कामासाठी पुण्या-सुरतेला गेलेला कोणाचा मुलगा नाताळलाही आला नाही, त्याच्या घरी कोणी विचारले का? वर्गणी देता येत नाही म्हणून यायचेच थांबवलेले एखादे घर आहे का? वहीत त्यांची नावे आहेत. ज्याचे नाव आपल्या वहीत आहे, तो आपल्या हवाली आहे.

या रविवारी मिस्सा संपल्यावर लगेच निघू नका. क्षणभर मागे वळून बाके पाहा आणि कोण नाही ते मोजा. मग घरी जाताना त्या एका दारावर थाप द्या. पाचव्या चिमणीलाही न विसरणारा आपला स्वर्गीय पिता आपणांस तशी नजर देवो, आणि जे आपल्या हवाली केले आहे ते राखण्याचे धैर्यही देवो. आमेन.